हात खाली कधी घ्यायचा

नगराध्यक्षांचा पाय मोडला, त्याला माझा काही इलाज नव्हता. त्यांनीच उद्घाटन केलेल्या फुटपाथवर ते पडले. त्या फुटपाथवर याआधीही बरेच जण पडले होते, पण शहराचे प्रथम नागरिक पडल्याशिवाय आमच्याकडे कशाचीच बातमी होत नाही. पाय प्लास्टरमध्ये गेला आणि उपनगराध्यक्ष म्हणून त्यांची सगळी कामं माझ्या गळ्यात आली.

मी धंद्याने चष्मेवाला. दोन्ही गटांना उपनगराध्यक्षपदासाठी कोणालाही त्रास न देणारा माणूस हवा होता, आणि दोन्ही गटांचे चष्मे माझ्याकडचे होते, एवढंच माझं राजकारण. फिती कापणं, रोपांना पाणी घालणं, भाषणात 'याप्रसंगी' हा शब्द पेरणं मला जमत होतं. पण त्याच सुमारास शहराबाहेरच्या तळावरची पलटण बदलून दुसरीकडे जायला निघाली. जाण्यापूर्वी ती मुख्य रस्त्याने संचलन करणार होती आणि नगरपालिकेसमोरच्या मंचावर नगराध्यक्ष सलामी घेणार होते. म्हणजे आता मी घेणार होतो.

नगराध्यक्षांनी मला पलंगाशी बोलावून घेतलं. "सलामी घ्या," ते म्हणाले, "पण एक ध्यानात ठेवा. सलामी माणसाला नसते, खुर्चीला असते. आणि खुर्ची माझी आहे."

"म्हणजे मी उभं राहायचं ना?" मी विचारलं.

"उभंच राहा. बसाल तर याद राखा."

घरी येऊन मी ही बातमी सहज सांगितल्यासारखी सांगितली. बायको भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आणि त्यांनी सलाम ठोकला की तुम्ही काय करणार?"

माझ्या पुढच्या सगळ्या हालांचं मूळ या एका प्रश्नात आहे. तोवर माझी समजूत अशी होती की सलामी घेणं म्हणजे हार घेण्यासारखं असतं. समोरून येते, आपण घेतो, मिटलं. पण आता वाटायला लागलं की एवढी पलटण समोरून हात वर करून जाणार आणि आपण नुसते खांबासारखे उभे? बरं, हात वर करावा तर आपण कोण? आपण तर चष्मेवाले.

"बाबांना विचारा ना," बायको म्हणाली.

आता हे 'बाबा' म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगतो. माझे सासरे याच पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पलटणीला निरोप द्यायला म्हणून ते आमच्याकडे राहायला आले होते आणि आतल्या खोलीत मुक्कामाला होते. लग्नापासून आजतागायत त्यांनी मला नावाने हाक मारलेली नाही. जावईबापू तर सोडूनच द्या. ते मला 'सिव्हिलियन' म्हणतात. "सिव्हिलियन आले का दुकानातून?" "सिव्हिलियनला अजून एक पोळी वाढ." त्यात राग नसतो, हे मी कबूल करतो. मी गिऱ्हाइकाला जसं 'जवळचं कमी दिसतं तुम्हाला' असं सांगतो, त्याच सुरात ते म्हणतात. पण राग नसला म्हणून काय झालं? गिऱ्हाइकालाही वाईट वाटतंच.

मला त्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'जावईबापू' ऐकायचं होतं. बाकी मला त्या सलामीतून काही नको होतं. पलटण आपली सुखाने कुठेही जावो. पण सुभेदारांची खुर्ची खाली पहिल्या रांगेत, मी वर मंचावर, आणि त्यांची पलटण मला सलामी देते आहे, असा योग काही पुन्हा येणार नव्हता. आणि त्यासाठी आधी त्यांच्याच पुढे जाऊन 'बाबा, हात कसा धरायचा हो?' असं विचारायचं? मग मी मंचावर गेलो काय आणि आतल्या खोलीत कोपऱ्यात उभा राहिलो काय, सारखंच.

"मी विचारणार नाही," मी बायकोला म्हटलं. "शहरात अजून माणसं आहेत."

"आहेत की," ती म्हणाली, आणि भाजी घेऊन उठली.

पहिला माणूस म्हणजे नगरपालिकेचे मुख्याधिकारी. हे गृहस्थ नियमाला इतके धरून असतात की शिंकण्यापूर्वीही तरतूद आहे का ते पाहत असावेत. त्यांनी बराच वेळ कपाट उपसलं. मग म्हणाले, "सलामी स्वीकारण्याची तरतूद आहे. परत करण्याची नाही."

"म्हणजे परत करायची नाही?"

"असंही म्हटलेलं नाही. पण साहेब, पालिकेने स्वीकारलेली कुठलीही गोष्ट परत करायची तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. मागे भेट आलेलं घड्याळ बंद निघालं, ते परत करायला किती सभा झाल्या आठवतंय ना?"

मला आठवत होतं. ते घड्याळ अजून सभागृहात बंदच आहे.

त्यांनी हौसेने विषय सभेपुढे ठेवला. तिथे विरोधी गटाचा पुढारी उठला आणि म्हणाला की उपनगराध्यक्षांनी हात वर केला तर ते स्वतःला नगराध्यक्ष समजतात असा त्याचा अर्थ होईल. त्यावर सत्ताधारी गटाचा एक जण उठून म्हणाला की हात वर केला नाही तर शहराला सैन्याचा आदर नाही असा अर्थ होईल. तिसरा म्हणाला, हात अर्धा वर करावा. यावर मतदान घ्यायचं ठरलं आणि मतदानासाठी सगळ्यांना हात वर करायला सांगितलं, तेव्हा कोणाचा हात कशासाठी वर आहे तेच कोणाला कळेना. सभा तहकूब झाली. देशासाठी प्राण द्यायला निघालेली माणसं आमच्यासारख्यांना सलाम करतात, हे मला त्या दिवशी प्रथमच जरा विचित्र वाटलं.

मी विचारलं, "याआधी काय करत होते?" सभागृहातले जुने शिपाई म्हणाले की याआधीचे नगराध्यक्ष मतदारांना हलवतात तसा हात हलवायचे. त्याआधीचे फोनवर बोलत राहायचे. आणि त्याहून आधीचे एक होते, ते मंचावर बसल्या बसल्या झोपायचे आणि बँड वाजला की दचकून टाळ्या वाजवायचे. ही आमची परंपरा.

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती. आमच्या वरच्या मजल्यावर गणिताच्या शिकवण्या घेणारे सर राहतात. ते जिन्यात कोनमापक घेऊनच उभे होते. त्यांनी माझा दंड धरून कोपर असा काही वर उचलला की मला जुनं दुखणं नव्हतं ते झालं. "कोन महत्त्वाचा," ते म्हणाले, "बाकी सगळं दिखाऊ." समोरच्या दारातल्या काकू म्हणाल्या, "काही नको ते हातवारे. गोड हसावं आणि मान हलवावी. तुमचं हसणं तसंही बरं आहे, एरवी तुम्ही हसत नाही म्हणून." तळमजल्यावरचे डॉक्टर म्हणाले की छातीवर हात ठेवावा, पण डावीकडे, आणि फार वेळ ठेवू नये, लोकांना वाटतं काही होतंय.

मला पटला तो शेजारचा नट. म्हणजे नोकरी विमा कचेरीत, पण हौशी नाटकात त्याने तीनदा सेनापती केला होता. त्याने मला आपल्या दिवाणखान्यात उभं केलं, सोफा मागे सरकवला आणि सलाम करून दाखवला. काय सांगू, खिडकीची तावदानं थरथरली. माझ्या अंगावर काटा आला.

"अस्सा!" तो म्हणाला. "आणि टोपी हवी. बोडक्या डोक्याने सलाम नाही करत. सैन्यात चालत नाही ते."

"आणि हात खाली कधी घ्यायचा?"

इथे तो गडबडला. "नाटकात ना," तो म्हणाला, "पडदा पडला की घ्यायचा."

"रस्त्यावर पडदा कुठला?"

त्याने विचार केला. "समोरच्याने खाली घेतला की आपण घ्यायचा. आधी घेतला तर त्याचा अपमान. हो, असंच असणार."

हे 'असणार' मी ऐकायला हवं होतं. पण मी तावदानांकडे बघत होतो.

सराव मी दुकानात सुरू केला. चष्म्याच्या दुकानात आरशांना तोटा नसतो. पहिल्याच सलामाला माझी बोटं माझ्याच चष्म्याला लागली आणि तो उडून काउंटरच्या मागे पडला. एका काकांचे डोळे मी तपासत होतो. ते बिचारे तक्त्यावरची शेवटची ओळ वाचत होते, इतक्यात आरशात त्यांना मी हात कपाळाला लावून उभा दिसलो. ते घाईघाईने उठले आणि 'नंतर येतो' म्हणून गेले. पुढे कळलं, त्यांनी बाजारात सांगितलं की चष्मेवाल्याला स्वतःलाच उन्हाचा त्रास होतो.

आरशाचं एक वाईट असतं, तो आधी सलाम करत नाही. मला आधी करणारा कोणीतरी हवा होता. समोर बँक होती आणि बँकेच्या दारातला रखवालदार येणाऱ्या प्रत्येकाला सलाम करायचा. मी दिवसातून अनेकदा बँकेत जायला लागलो. तो सलाम करी, मी टाच आपटून उलट सलाम करी, तो हात खाली घेईपर्यंत थांबे आणि काही काम न करता परत येई. पहिले एक-दोन दिवस तो हसला. मग त्याने तोंड फिरवलं. शेवटी बँकेचे व्यवस्थापक माझ्या दुकानात आले. म्हणाले, "साहेब, तुम्ही मोठे माणूस. गरिबाची अशी टर उडवू नये. तो आज सकाळी रडला हो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रखवालदाराकडे जाऊन माफी मागितली. त्याने ती घेतली, पण सलाम काही केला नाही. अजून करत नाही.

राहता राहिली टोपी. सुभेदारांची टोपी आमच्याच घरात, त्यांच्या ट्रंकेत होती, हे मला माहीत होतं आणि बायकोने ते मला मुद्दाम ऐकवलंही. मी अग्निशमन दलाच्या प्रमुखांकडे गेलो. त्यांनी आपली झोकदार टोपी आनंदाने दिली, पण त्यांचं डोकं म्हणजे घमेलं. टोपी माझ्या नाकापर्यंत आली. त्यांनीच तिच्यात वर्तमानपत्राची घडी कोंबून दिली आणि म्हणाले, "मान हलवू नका म्हणजे झालं."

आणि या सगळ्या काळात सुभेदार काय करत होते? काही नाही. एरवी दिवाणखान्यात बसून मोठ्याने बातम्या ऐकणारा आणि त्या बातम्यांना उत्तरं देणारा माणूस, पण आता आतल्या खोलीतून बाहेर येईना. जेवायला आले तर ताटात बघून जेवत आणि मी तोंड उघडायच्या आत उठून हात धुवायला जात. मला त्याचा भयंकर राग आला. म्हटलं, मी विचारावं म्हणून वाट बघतोय म्हातारा. बघ म्हणावं. मी एकदा दाराशी उभा राहून 'आज गरम होतंय' एवढंच म्हटलं, तर ते चादर ओढून झोपले.

संचलनाचा दिवस उजाडला. सकाळपासून ऊन कडक होतं. सगळं शहर रस्त्यावर लोटलं होतं. मंचाखाली पहिल्या रांगेत सुभेदार जुना कोट घालून काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते, शेजारी बायको. नगराध्यक्षांनी आपली रिकामी खुर्ची मंचावर पाठवून दिली होती आणि तिला हारही घातला होता. मी तिच्या शेजारी उभा होतो, टोपी घालून, मान न हलवता.

बँड सुरू झाला. पलटण आली. एवढे बूट एकदम जमिनीवर पडतात तेव्हा पायाखालचा मंचही हलतो. सगळ्या माना एका झटक्यात माझ्याकडे वळल्या आणि मी हात वर केला. चष्मा पडला नाही. कोपर सरांच्या कोनात होतं. मी तिरक्या नजरेने सुभेदारांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते. वाटलं, जिंकलं.

तुकड्या माना सरळ करून पुढे गेल्या, मीही हात खाली घेतला, आणि शेवटी पलटणीचे कर्नल स्वतः मंचासमोर येऊन थांबले. ताठ उभे राहिले आणि त्यांनी मला सलाम ठोकला. मीही तसाच ठोकला. आता ते हात खाली घेणार आणि मग मी घेणार.

ते घेईनात.

मी वाट पाहिली. तेही उभेच. त्यांचा हात दगडासारखा स्थिर. मला वाटलं, विशेष मान देत असतील. मी छाती आणखी पुढे काढली. त्यांनीही काढली. बँडने चाल संपवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, थांबवल्या, पुन्हा संशयाने वाजवल्या. माझ्या खांद्यात कळ यायला लागली. कर्नलच्या कपाळावरून घाम निघून मिशीत गेला, पण पठ्ठ्याने पापणी हलवली नाही. मागून मुख्याधिकारी कुजबुजले, "साहेब, रस्ता बंद ठेवायची परवानगी साडेदहापर्यंतच आहे." मी ओठ न हलवता म्हटलं, "त्यांना सांगा." ते म्हणाले, "सैन्याला सूचना देण्याची तरतूद नाही."

बँडने तीच चाल आणखी एकदा घेतली. तुतारीवाल्याला दम लागलेला ऐकू येत होता. आणि हे जे सांगतो ते मस्करीत नाही, मला वाटलं हा हात आता तुटून पडेल, पण मी घेणार नाही. हा एवढा माणूस उन्हात माझ्यासाठी हात धरून उभा आहे. आपण कोण टिकोजीराव, की आधी खाली घ्यावा?

मग घामाने वर्तमानपत्राची घडी भिजली आणि टोपी सावकाश, अगदी शिस्तीत, खाली उतरली. आधी भुवया गेल्या, मग चष्मा, मग सगळं शहर. अंधारात मी दोन्ही हातांनी टोपी वर ढकलली. उजेड आला तेव्हा कर्नलचा हात खाली आला होता आणि ते सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडत होते की पहिल्या रांगेत ऐकू गेला. लोकांनी जितक्या टाळ्या वाजवल्या तितक्या मला निवडून आल्यावरही मिळाल्या नव्हत्या. हसून हसून मुलं खाली बसली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला तो टोपीत तोंड गेलेल्या माणसाचा, आणि त्याखाली नगराध्यक्षांचं निवेदन होतं की खुर्चीचा मान राखला गेला याबद्दल ते समाधानी आहेत.

मंचावरून घरी आल्यावर बायकोने माझ्या खांद्याला मलम चोळलं आणि हात झोळीत बांधला. मी दिवाणखान्यात बसलो. आता कुठल्या तोंडाने जावईबापू ऐकायचं? आयुष्यभर सिव्हिलियन, आणि तेही टोपी पडलेला. मला सरळ रडू येत होतं.

सुभेदार बाहेर आले आणि समोर बसले. बऱ्याच दिवसांनी समोर बसले.

"तुमचा हात आधी खाली यायला हवा होता," ते म्हणाले. "घेणाऱ्याने खाली घेतल्याशिवाय देणाऱ्याला घेता येत नाही. कर्नल बिचारा संध्याकाळपर्यंत उभा राहिला असता."

"हे तुम्ही आधी सांगायचं होतंत, बाबा."

"तुम्ही विचारलंत कुठे?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं?"

ते काठीची मूठ चोळत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "एवढंच सांगितलं असतं. पुढचं मलाही माहीत नाही."

"काय?"

"सिव्हिलियनने सलाम घेताना काय करायचं ते. हात वर करायचा, की नुसतं ताठ उभं राहायचं, की आणखी काही. आम्ही फक्त देत आलो. घेणाऱ्याचं आम्हाला कोण शिकवणार?" त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "तुम्ही विचाराल आणि मला 'माहीत नाही' म्हणावं लागेल, म्हणून तर मी एवढे दिवस आत बसून होतो. जीव गुदमरला माझा. बातम्या ऐकायच्या राहिल्या."

मी झोळीतला हात सावरला.

"मान वळवली की मंच दिसतो ना," ते पुढे म्हणाले. "उन्हातून चालत यायचं, मान वळवायची, तर एक जण फोनवर. एक जण दात कोरतोय. एक तर आमच्याकडे पाठ करून कोणाशी तरी हसत होता. बरोबर काय असतं ते मी पाहिलंच नाही, पण चुका सगळ्या पाहिल्यात. आजची चूक नवीन होती. एवढा वेळ हात धरून कोणी उभं राहिलं नव्हतं."

असं म्हणून ते उठले आणि आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, चालले गावाला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर त्यांची जुनी टोपी होती. काठी त्यांनी भिंतीला टेकवली. माझ्यासमोर येऊन उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि मला सलाम केला.

"जावईबापू," ते म्हणाले.

मी धडपडत उभा राहिलो. उजवा हात झोळीत. वर होण्याचा प्रश्नच नव्हता, आणि जो वर झालेलाच नाही तो खाली तरी कसा घ्यायचा? मी नुसता ताठ उभा राहिलो. डोळे भरून आले होते आणि पुसायलाही हात मोकळा नव्हता, कारण डावा हात मी शिस्तीत मांडीला चिकटवून ठेवला होता. सुभेदार हात धरून उभे. त्यांचं वय झालंय, कोपर थरथरायला लागलं होतं, पण नियम म्हणजे नियम. ते माझी वाट बघत होते आणि मी त्यांची.

स्वयंपाकघराच्या दारात बायको येऊन उभी राहिली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे पाहिलं.

"झालं असेल तर हात खाली घ्या," ती म्हणाली, "आणि दोघंही जेवायला या."